सालीतले तेल, शेतातले तण आणि चार विद्यापीठे

प्रति,
मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली

महोदय,



संत्र्याची ताजी साल दिव्याच्या ज्योतीसमोर दाबली की तडतड ठिणग्या उडतात. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडच्या पोरांना हा खेळ नवा नाही. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या असतात आणि पेट घेते ते त्यांतले तेल. त्याचा मुख्य घटक लिमोनिन. ब्राझील आणि फ्लोरिडातल्या रसाच्या कारखान्यांत हे तेल सालीपासून वेगळे काढतात आणि साबण, सुगंध, रंग उद्योगांना विकतात. अमेरिकेत त्याचे तणनाशकही होते. तिथे रीतसर नोंदणी होऊन बाजारात आलेल्या 'अ‍ॅव्हेंजर' नावाच्या तणनाशकात सत्तर टक्के लिमोनिन असते. विदर्भातल्या सालीचा बराच भाग मात्र उकिरड्यावर, बाजाराच्या आवारात आणि शहरांच्या कचराडेपोत कुजतो.

हे पत्र एकाच मागणीसाठी आहे. पिकांच्या टाकाऊ भागांतून निघणाऱ्या तेलांची तणनाशक म्हणून चारही विद्यापीठांच्या शेतांवर रीतसर चाचणी व्हावी आणि जो निकाल लागेल तो, 'परवडत नाही' किंवा 'चालत नाही' असा लागला तरीही, शेतकऱ्यांना मराठीत सांगितला जावा.

तणाचा जाच कुलगुरूंना समजावून सांगायला नको. विदर्भात निंदण म्हणा, कोल्हापूरकडे भांगलण म्हणा, जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत साऱ्या गावाला एकाच आठवड्यात बाया हव्या असतात आणि त्या मिळत नाहीत. पाऊस लागून राहिला तर डवरा चालत नाही, कोळपे चालत नाही, आणि वाफसा येईपर्यंत केना, शिंपी, माठ पिकाच्या डोक्यावर गेलेले असतात. शेतकरी तणनाशकाकडे वळला तो या कोंडीतून. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे, गुन्हे दाखल होतील हे ठाऊक असूनही लावली. त्यांच्या मार्गाबद्दल मतभेद असू शकतात. अडचण खरी होती याबद्दल कुणाचे दुमत नव्हते.

दुसऱ्या टोकाला ग्लायफोसेट या तणनाशकाचा वाद चालूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याच रसायनाला आणखी दहा वर्षांची मुदत दिली. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये मधला मार्ग काढला: ग्लायफोसेटची फवारणी कीड नियंत्रण व्यावसायिकांकडूनच करून घ्यावी. गावात असा व्यावसायिक कुठून आणायचा, याचे उत्तर त्या अधिसूचनेत नाही. मुळात भारतात त्याची नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपिकाच्या जागांसाठी आहे. कपाशीच्या ओळींत ते सर्रास मारले जाते.

या गोंधळात मोबाइलवरच्या पाककृतींना ऊत आला आहे. मीठ, युरिया, व्हिनेगर, गोमूत्र, ज्याला जे सुचेल ते. मीठ तण जाळते खरे, पण मागे जमिनीत सोडियम ठेवून जाते. अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आणि 'शंभर टक्के जैविक' असे ठळक अक्षरांत छापून आत काय आहे ते गुलदस्त्यात ठेवणाऱ्या बाटल्या तर दर हंगामात नव्या नावाने येतात. विद्यापीठे बोलत नाहीत तोवर बाजारच बोलत राहणार.

तेल तण कसे मारते ते नीट पाहिले की त्याच्याकडून काय मागायचे हेही कळते. पानावर मेणाचा पातळ थर असतो. पाण्याचे थेंब त्यावरून ओघळतात ते त्यामुळे. लिमोनिन हा थर विरघळवते, पेशींची आवरणे फाटतात, आतला द्रव पाझरतो. माठाच्या दोन-चार पानी रोपावर सकाळी, उन्हाच्या दिवशी फवारा पडला, तर थोड्याच वेळात पानावर पाण्यात भिजल्यासारखे गडद डाग उमटतात, दुपारी पान लोंबते आणि संध्याकाळपर्यंत तपकिरी होऊन चुरगळते. अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक थॉमस ट्वोरकोस्की यांनी पंचवीस वनस्पतिजन्य तेलांची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध केली. दालचिनी, लवंग आणि ओव्याच्या वासाच्या थाईमसारख्या वनस्पतींची तेले सर्वांत जहाल ठरली. काचगृहात चाकवतासारख्या तणांवर पाच ते दहा टक्क्यांचे द्रावण मारल्यावर शेंडे तासाभरात ते दिवसभरात मेले. दालचिनीच्या तेलात हे काम करणारा घटक युजेनॉल, म्हणजे दातदुखीवर लवंगेचे तेल लावतात त्यातलाच, हेही त्या अभ्यासात दिसले.

आता उणी बाजू. ग्लायफोसेट पानातून आत शिरून अन्नरसाबरोबर मुळांपर्यंत उतरते. तेल जिथे पडते तिथेच थांबते. ज्या पानाला ते लागले नाही ते हिरवेच राहते. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी आणि हराळीच्या काशा यांना त्याचा पत्ताही लागत नाही. वरचे हिरवे जळते आणि थोड्याच दिवसांत नवे कोंब वर येतात. तेल जमिनीत टिकून पुढची उगवणही रोखत नाही. गुडघाभर वाढलेल्या तणावर ते वाया जाते आणि भर पावसात ओल्या पानावर तर पैसे अक्षरशः पाण्यात.

याचा अर्थ काही ठिकाणी तेल ग्लायफोसेटची जागा घेऊ शकणार नाही, हे आधीच कबूल करायला हवे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत किंवा कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकर यांची बिननांगरणीची शेती घ्या. दोन्हींत नांगर बाजूला ठेवला जातो, तण जागेवरच मारले जाते आणि त्याची मुळे जमिनीत कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. त्यासाठी तण मुळासकट मरावे लागते. बारमाही तणाच्या बाबतीत सालीचे तेल तिथे कामाचे नाही.

मग खर्चाचा हिशेब. पाठीवरच्या पंपाने एकरभर तण नीट भिजवायला २०० लिटर द्रावण लागते असे धरू आणि त्यात दहा टक्के तेल. म्हणजे एकरी २० लिटर, वजनात साधारण १७ किलो. संत्र्यातून निघणारे तेल फळाच्या वजनाच्या हजारात दोन-तीन भाग धरले, तर एवढ्या तेलासाठी सहा ते आठ टन फळांची साल हवी. विदर्भातल्या बागेचे उत्पादन एकरी तीन-चार टन धरले, तर एका एकरातले तण एकदा जाळायला दोन एकर बागेतल्या सगळ्या फळांची साल लागेल. हा हिशेब कागदावरचा आहे. शेतावरचा आकडा चाचणीशिवाय कळणार नाही. पण एवढे आत्ताच दिसते की कपाशीच्या सरसकट शेतावर हे तेल मारण्याचे स्वप्न कुणी विकत असेल तर तो शेतकऱ्याला फसवतो आहे.

तरीही ही तेले कामाची आहेत, कारण सगळे तण सरसकट शेतात नसते. संत्र्याच्या किंवा डाळिंबाच्या अळ्यात, ठिबकच्या नळीभोवती, रोपवाटिकेच्या पिशव्यांमध्ये, शेडनेटच्या कडेला तण थोड्या जागेत असते, मजुरी मात्र भरपूर खाते. तिथे एकरी द्रावण २०० लिटर लागत नाही. कांदा किंवा गाजर पेरल्यावर पीक वर येण्याआधी जे तण उगवते, त्यावर एक फवारा मारता येतो, कारण तेलाचा अंश मागे राहून पिकाची उगवण रोखत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलेल्या शेतकऱ्याला तर कृत्रिम तणनाशक वर्ज्यच असते. त्याच्याकडे खुरपे, आच्छादन आणि मजूर याखेरीज चौथा पर्याय नाही.

शहरांचाही विचार व्हावा. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून उद्याने, रस्ते आणि सार्वजनिक जागांवर कृत्रिम कीडनाशकांचा वापर बंद केला आणि २०१९ पासून घरगुती बागांतही. त्या बंदीनंतर तिथे पेलार्गोनिक आम्लाचा वापर वाढला. हे नऊ कार्बनचे स्निग्धाम्ल वनस्पती तेलांपासून बनते आणि तेही पानाचा वरचा थर उद्ध्वस्त करून तण वाळवते. त्याच्या एका युरोपीय उत्पादनाची मात्रा हेक्टरी १६ लिटर आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर पोर्तो तोर्रेस इथल्या जुन्या पेट्रोरसायन संकुलात वनस्पती तेलापासून हे आम्ल तयार केले जाते. आपल्या महापालिका दुभाजकांवर आणि शाळांच्या मैदानांवर काय मारतात, हा प्रश्न अजून कुणी गंभीरपणे विचारलेला नाही.

मैदानांवरचे तण म्हणजे गाजर गवत. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यातच झाली. हाताने उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो, म्हणून हे काम करायला माणूस तयार होत नाही. १९८४ मध्ये त्याच्यावर मेक्सिकन भुंगा सोडला गेला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो, पण एकटा पुरा पडत नाही. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या हरमिंदरपाल सिंग, डेझी बतिश आणि रविंदर कोहली यांच्या गटाने लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे तेल गाजर गवतावर तपासले आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले: बियांची उगवण घटली, पानांतले हरितद्रव्य कमी झाले, फवारलेली रोपे कोमेजली. हे काम प्रयोगशाळा आणि कुंड्यांपुरते होते. फुलावर येण्याआधीच्या गाजर गवतावर, महाराष्ट्रातल्या पडीक जागेत, संत्र्याचे किंवा निलगिरीचे तेल काय करते, हे पाहणे पुढच्या माणसाचे काम होते. तो माणूस अकोल्यात किंवा परभणीत असायला काय हरकत आहे?

दापोलीसाठी तर विषय घरचाच. दालचिनीची 'कोकण तेज' ही जात याच विद्यापीठाची, आणि नारळ-सुपारीच्या बागांत दालचिनी, जायफळ लावण्याची शिफारसही. खोडाची साल सोलून घेतली की पाने मागे राहतात, आणि पानांच्या तेलात युजेनॉल भरपूर असते. इंडोनेशियात लवंगेची गळून पडलेली पाने गोळा करून त्यांचे ऊर्ध्वपातन होते. लवंग पानाच्या तेलाचा जगभरचा व्यापार त्या पाचोळ्यावर उभा आहे. सिंधुदुर्गात एखाद्या शेतकरी गटाने छोटी भट्टी उभी केली, तर ते तेल सुगंधाच्या बाजारात विकावे की स्वतःच्या बागेतल्या तणावर वापरावे, कशात चार पैसे जास्त सुटतात? हा हिशेब विद्यापीठाने मांडून दिला तर गट निर्णय घेऊ शकेल.

कोकणातच दुसरे एक टाकाऊ तेल आहे आणि ते सावधगिरीचा धडा देते. काजूच्या टरफलातले तेल. त्यातले अ‍ॅनाकार्डिक आम्ल कातडी जाळते. काजू सोलणाऱ्या बायकांच्या काळवंडलेल्या, सालपटे निघालेल्या बोटांवर त्याची खूण रोज दिसते. रंग, ब्रेकचे अस्तर, होड्यांचे लेपन यांसाठी ते उपयोगी आहे. पण 'झाडातून आले म्हणजे निरुपद्रवी' ही समजूत किती पोकळ आहे हे त्या बोटांकडे पाहिले की कळते. लिमोनिनही ज्वलनशील आहे, हवेत राहून जुने झाले की त्वचेला त्रास देते आणि माशांना घातक आहे. थर्माकोल तर ते विरघळवून टाकते, तेव्हा पंपाचे वायसर आणि नळ्या किती टिकतील हेही तपासावे लागेल. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर कुठल्याही फवाऱ्याची शिफारस हातमोजे, चष्मा आणि वाऱ्याची दिशा यांच्याशिवाय करणे महाराष्ट्राला शोभणारे नाही, मग तो फवारा संत्र्याच्या सालीचा का असेना.

चाचणी किती महत्त्वाची असते याचे एक उदाहरण अमेरिकेतलेच आहे. आयोवा स्टेट विद्यापीठाचे निक ख्रिश्चन्स हिरवळीच्या रोगावर काम करत असताना त्यांना दिसले की मक्यापासून स्टार्च काढल्यावर उरणारी ग्लुटेनची पेंड बियांची मुळे फुटू देत नाही. १९९१ मध्ये त्याचे पेटंट झाले आणि नैसर्गिक तणनाशक म्हणून ती पेंड घरोघरच्या बागांत पोचली. मात्रा मात्र हेक्टरी टनाच्या घरात. पुढे ओरेगन स्टेट विद्यापीठाने आपल्या हवेत, आपल्या मातीत चाचण्या घेतल्या, तेव्हा तणनियंत्रण दिसलेच नाही. उलट पेंडीत दहा टक्के नत्र असल्याने तिचे खत मात्र होत होते. एका विद्यापीठाने शोध लावला आणि दुसऱ्याने त्याची मर्यादा दाखवून लोकांचे पैसे वाचवले. दोन्ही कामे विद्यापीठाचीच.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. पाच किलो निंबोळीची पूड शंभर लिटर पाण्यात, हा पाच टक्के निंबोळी अर्क आज कुठल्याही गावात तोंडपाठ आहे. कृषी विद्यापीठांनी त्याची शिफारस केली, मात्रा ठरवली, कोणत्या किडीवर चालतो आणि कोणत्या नाही ते सांगितले, म्हणून तो घरोघर गेला. झाडाच्या बीचा उपयोग शेतकऱ्याने स्वतः करावा आणि त्यामागे शास्त्राचा शिक्का असावा, हे त्यातून साधले.

विक्रीचा प्रश्न कायद्याचा आहे. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकही 'कीटकनाशक' या व्याख्येत येते, त्यामुळे नोंदणीशिवाय ते विकता येत नाही. अमेरिकेत लवंग, दालचिनी, सिट्रोनेला अशा काही तेलांची कमी धोक्याची यादी १९९६ पासून आहे आणि त्यांना संघराज्याच्या नोंदणीतून सूट आहे. तशी सूट भारतात असावी की नाही यावर वाद होऊ शकतो. सूट मिळाली की भेसळीलाही मोकळे रान मिळते. पण नोंदणी समितीपुढे कुणाला जायचेच असेल तर त्याच्या हातात भारतीय शेतातली आकडेवारी हवी. ती आकडेवारी एखाद्या लहान उद्योजकाने किंवा शेतकरी कंपनीने स्वतःच्या खिशातून उभी करावी ही अपेक्षा रास्त नाही. दुसरीकडे, नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात २०२५ मध्ये मोठा फळप्रक्रिया प्रकल्प सुरू झाला आहे. कच्चा माल एका जागी गोळा होण्याची सोय त्यामुळे वाढली. सालीचा दर उद्या कारखाना ठरवेल. शेतकऱ्याला त्या सालीची खरी किंमत माहीत असली तर तो नीट बोलणी करील.

म्हणून विनंती अशी. चारही विद्यापीठांनी मिळून किमान तीन हंगामांचा एक समान प्रयोग आखावा. अकोल्याने संत्र्याची साल आणि गाजर गवत घ्यावे, दापोलीने दालचिनी आणि निलगिरीची पाने, राहुरीने कांदा-डाळिंबातला वापर, परभणीने सोयाबीन आणि हळदीच्या कडेचे तण. तुलना ग्लायफोसेटशी करावी, खुरपणीशी करावी आणि काहीच न केलेल्या पट्ट्याशीही करावी. तेल पाण्यात मिसळण्यासाठी कोणता साबण किंवा मिश्रक वापरला, द्रावण किती टक्के होते, ऊन किती होते, किती दिवसांनी तण पुन्हा फुटले, गांडुळे आणि मधमाश्यांवर काय परिणाम झाला आणि एकरी खर्च किती आला, हे सगळे नोंदले जावे. फवारणाऱ्याच्या हाताला, डोळ्यांना काय झाले ते खास करून.

निकाल जॉइंट ॲग्रेस्कोच्या, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या बैठकीत मांडले जातातच. या वेळी शिफारस मंजूर झाली तर ती कृषी दैनंदिनीत यावी, आणि नामंजूर झाली तर तीही कारणांसह त्याच पानावर छापावी. 'अमुक तेल अमुक तणावर चालत नाही' ही ओळ आजवर शिफारशींच्या पुस्तकांत क्वचितच दिसली आहे. बनावट बाटलीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तिचीच गरज सर्वांत जास्त आहे.

पुढचा आंबिया बहार तुटून सालींचे ढीग लागण्याआधी या प्रयोगाचा प्रस्ताव पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेकडे जावा, एवढीच चारही कुलगुरूंना विनंती.

कळावे.